उजेड कुणाच्या वाट्याला

‘उजेड’ आणि ‘प्रकाश’ हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण नाटकांची प्रकाशयोजना करण्याचा नाद लागल्यापासून मला त्यांतला फरक जाणवू लागला. उजेड होतो आणि जातो. प्रकाश कुणीतरी टाकावा लागतो. (‘काय उजेड पाडलास?’ असे वडीलधारी माणसे विचारतात तेव्हा मुलाच्या हातून बहुधा काहीच झालेले नसते, ही गंमत वेगळी.) आणि ज्या अर्थी कुणीतरी तो टाकतो, त्या अर्थी कुणावर टाकायचा व कुणाला अंधारात ठेवायचे हेही तोच ठरवतो. हा अधिकार त्याने कसा वापरावा, हा प्रश्न गेली बरीच वर्षे माझ्या सोबतीला आहे. तो केवळ नाटकवाल्यांचा नाही असे वाटते, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे घराणे मूळचे नांदेडकडचे. आजोबा निजामाच्या काळात नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि काचीगुड्याच्या एका गल्लीत आमचे बिऱ्हाड रुजले. घरात मराठी, दारात तेलुगू आणि बाजारात दखनी, अशी आमची रोजची त्रिस्थळी यात्रा. माझी नोकरी कचेरीतली. नाटक हा संध्याकाळचा आणि सुट्टीचा उद्योग. १९८८ साली हैदराबाद विद्यापीठात सरोजिनी नायडूंच्या नावाने कलाशाळा निघाली आणि तिथे नाटक रीतसर शिकवले जाऊ लागले. पण तोवर माझी शाळा रस्त्यावर सुरू होऊन गेली होती. आमच्या मंडळापाशी सामान तरी काय होते? डालड्याच्या डब्यांचे बनवलेले चार स्पॉट, जिलेटिनचे रंगीत कागद आणि मिठाच्या पाण्याचा डिमर. हा डिमर म्हणजे एका बरणीत मिठाचे पाणी आणि त्यात विजेच्या तारेला जोडलेले दोन पत्रे. पत्रे एकमेकांजवळ आणले की दिवा उजळायचा, दूर नेले की मंद व्हायचा. खेळ रंगात आला की पाणी उकळू लागे. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती आमच्याकडे वाचलेली माणसे म्हणून पाहतात.

मंडळात प्रकाशाची बाजू सांभाळणारे एक वयस्कर काका होते. त्यांनी मला पहिले कित्येक दिवस बरणीला हातच लावू दिला नाही. म्हणाले, “आधी महिनाभर वही घेऊन हिंड. जिथं बसशील तिथं लिहून काढ. उजेड कुठून येतोय, कसल्या रंगाचा आहे, आणि कशावर पडत नाहीये.” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कुणालाही लिहिता येतील. माझ्या वह्या भरल्या त्या तिसऱ्या प्रश्नाने.

हैदराबाद हे या अभ्यासाला फार सोयीचे गाव. शहर साधारण साडेसतरा अक्षांशावर असल्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या ९ तारखेच्या आणि ऑगस्टच्या ३ तारखेच्या सुमारास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या पायाशी विरून जाते. ऑगस्टात बहुधा ढग असतात, पण मेमधल्या त्या दुपारी कोठीच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहावा. कपाळ आणि नाकाचा शेंडा पेटल्यासारखे, आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. चालत्याबोलत्या माणसाच्या आतली कवटी बाहेर आल्यासारखी दिसते. रंगमंचावर सरळ माथ्यावरून प्रकाश सोडताना त्यानंतर माझा हात नेहमी क्षणभर अडखळत आला आहे. १५९१ सालच्या चारमिनारच्या चार कमानी चार दिशांना तोंड करून आहेत. सकाळी पूर्वेचे ऊन आत येते तेव्हा पश्चिमेला लाड बाजाराच्या तोंडाशी उभे राहिले, तर कमानीतून येणारी माणसे नुसत्या काळ्या आकृत्या असतात. चालीवरून माणूस ओळखतो, चेहऱ्यावरून नाही. संध्याकाळी बाजू बदलून तोच खेळ. आणि इराणी हॉटेलातला उजेड याच्या अगदी उलट. भिंतींवर आरसे, टेबलांवर संगमरवरी फरशा. दारातून आलेला उजेड इकडून तिकडे इतका उडत असतो की कुणाच्याच चेहऱ्याला काळी बाजू उरत नाही. एका चहावर दोन-दोन तास बसणाऱ्यांचे रहस्य मला तरी त्यातच सापडले.

पुस्तके पुढे हाती आली. अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशाची पद्धत लिहून ठेवली. नटाच्या दोन्ही बाजूंनी, पंचेचाळीस अंशांतून, एक उबदार आणि एक थंड रंगाचा झोत टाकावा, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो. हे वाचले तेव्हा मी ते आधीच पाहिलेले होते. दिवेलागणीच्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या बाईच्या एका गालावर घरातल्या बल्बचा पिवळा उजेड असतो आणि दुसऱ्या गालावर मावळत्या आकाशाचा निळसर. जेमतेम दहा मिनिटे हा प्रकार टिकतो. त्या पुस्तकाने मला फक्त झोतांचे अंश दिले.

त्याच मॅककँडलेसने प्रकाशाची चार कामे सांगितली आहेत. दिसणे, वास्तवाचा भास, रचना आणि भाववातावरण. वाचताना ती चारही एका कुटुंबातली, गुण्यागोविंदाने नांदणारी वाटतात. पहिल्या दोघांचे भांडण किती जुने आहे ते मला एका नाटकाच्या तालमीत कळले.

नाटक साधे कौटुंबिक होते. डाव्या अंगाला बाहेरची खोली, तिथे वडील, मुलगे, आलेगेले. उजव्या अंगाला स्वयंपाकघर. दुसऱ्या अंकात बाहेर वाटणीची बोलणी चाललेली असतात आणि आत आई ती ऐकत भाकरी थापत असते. तिला एकही वाक्य नाही. दिग्दर्शक म्हणाले, “तिचा चेहरा दिसलाच पाहिजे, सगळा अंक तिच्या चेहऱ्यावर आहे.” मी म्हटले, “अशा घरात त्या जागी उजेडच नसतो.” दोघांचेही म्हणणे खरे होते.

ज्यांची घरे देगलूर-बिलोलीकडे, औराद-बिदरकडे किंवा आदिलाबादच्या बाजूला आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या माळवदाच्या घरांत स्वयंपाकाची खोली सर्वांत आत. उजेडाला वरून एक झरोका. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून भिंतीवर सरकत जाई आणि बायका त्यावरून वेळ ओळखत. वीज आली तीही आधी बाहेरच्या खोलीत आली. आमच्या काचीगुड्याच्या घरात पहिली ट्यूबलाइट लागली ती बैठकीत. तिथला जुना बल्ब स्वयंपाकघरात गेला. तो गेला की त्याच्या जागी पंचवीस वॉटचा, आणि न्हाणीघरात तर झिरोचा. यात कुणी दुष्टपणा केला असे नाही. पाहुणे कुठे बसतात, मुले अभ्यास कुठे करतात, या हिशेबाने ते होत गेले. पण घरातले दिवे कुठे आहेत आणि किती वॉटचे आहेत एवढे कागदावर मांडले, तर त्या घरात कोण कुणाला किती लेखतो ते वेगळे विचारावे लागत नाही.

माझी आजी तांदूळ निवडायला सकाळी अंगणात, उन्हे चढली की ओसरीवर आणि तिसऱ्या प्रहरी मागच्या उंबऱ्यात बसे. उजेड जाईल तिकडे तिचे सूप जाई. मला त्या काळी ती फिरस्ती सवय वाटे. वही हातात आल्यावर त्यामागचे गणित दिसले. जिच्या जागेवर कुणी दिवा आणून लावत नाही, ती आपली जागा दिव्याकडे नेते.

लाड बाजारातही हेच. दुकानांतले दिवे बांगड्यांवर असे रोखलेले असतात की खडा न् खडा पेटतो. त्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मागच्या गल्ल्यांतून जावे. कोळशाच्या निखाऱ्यांवर लाख मऊ करून तिच्यावर एकेक खडा बसवणारी माणसे कोंदट खोल्यांत बसलेली दिसतात. त्यांचा बल्ब तारेने खाली, थेट हातांजवळ ओढून घेतलेला असतो. हात उजेडात, चेहरा अंधारात. चुलीपुढच्या बाईचेही हेच चित्र असते. जाळाचा उजेड हातांवर, भाकरीवर. कपाळापर्यंत तो पोचत नाही. काम दिसते, करणारा दिसत नाही.

आता प्रश्न असा. रंगमंचावर त्या आईला जशी होती तशी अंधारात ठेवावी, की चेहरा दिसेल असा प्रकाश तिच्यावर टाकावा? तशीच ठेवली, तर ज्या घराने तिला पाहिले नाही त्याच्याच पंक्तीला मी प्रेक्षकांना बसवले. उजळून टाकली, तर ‘तिच्यावर कधी उजेड नव्हता’ ही नाटकातली सर्वांत खरी गोष्टच मी पुसून टाकली. वर प्रेक्षक सुखाने घरी जाणार; पाहिली ना आम्ही तिला! १९५९ साली कलकत्त्यात उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ या नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी निव्वळ प्रकाशातून उभे केले. भारतीय रंगभूमीवरील प्रकाशाचा इतिहास त्या प्रसंगावाचून लिहिता येत नाही. पण त्या प्रसंगाचा विचार करताना माझ्या मनात नेहमी एक शंका येते. टाळ्या वाजवणाऱ्या शहरी माणसांनी बुडणारे खाणकामगार पाहिले, की पाणी पाहिले? अशी शंका यावी इतके ते काम मोठे होते, हे अर्थातच त्यातले मोठेपण.

या पेचात आणखी एक गुंता आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रकाशात आणणे म्हणजे उपकार करणे, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. अंधारात माणसाला आडोसाही असतो. आमच्या घरातल्या थोरल्या पिढीने रझाकारांच्या काळातल्या रात्रींच्या गोष्टी सांगितल्या त्यांत दिवा मालवणे म्हणजे जीव वाचवणे होते. चेहऱ्यावर अचानक मारलेली बॅटरी कुणालाही आवडत नाही. वीज गेली की घरात जी बोलणी होतात ती ट्यूबलाइटखाली कधीच होत नाहीत. आणि त्या आतल्या खोलीतल्या बाईला डोळे पुसायला तीच तेवढी जागा असते. तिच्यावर झोत टाकण्यापूर्वी तिला तो हवा आहे का, हे विचारायचे कुणी?

हे सुटायला मला मदत झाली ती सुरभीच्या मंडळींची. हैदराबादेत राहून सुरभीचे नाटक न पाहणे म्हणजे पंढरपुरात राहून वाळवंट न पाहणे. आंध्रात चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी अनेक घराणी घरात मराठीचीच एक बोली बोलतात, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. सुरभीचे मूळही त्या बाहुल्यांत आहे आणि पूर्वज मराठी मुलखातून आले असे त्या घराण्यांत मानले जाते. बाहुल्यांच्या खेळात दिवा पडद्यामागे. खेळवणारा दिव्यापाशी असूनही अदृश्य आणि प्रेक्षकांना दिसते ती रंगीत छाया. १८८५ साली कडपा जिल्ह्यातल्या सुरभी गावी वनारस गोविंदराव आणि त्यांची माणसे बाहुल्या बाजूला ठेवून स्वतः दिव्यापुढे आली. त्यांनी पहिले नाटक केले ते ‘कीचकवधम्’. आपल्याकडे खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिले आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. एकच कथा दोन्ही भाषांच्या रंगभूमीला हवीशी वाटावी याची कारणे वेगवेगळी होती. प्रकाशयोजना करणाऱ्याला मात्र तिच्यात तिसरेच काही दिसते.

द्रौपदीची विटंबना झाली ती भर सभेत. शेकडो डोळे तिच्यावर होते, दिव्यांची वाण नव्हती. आणि त्या सभेतल्या थोरामोठ्यांना ती दिसली नाही. विराटाच्या नगरीत तिला न्याय मिळाला तो रात्री, नृत्यशाळेत, मिट्ट काळोखात. तिच्या जागी भीम निजलेला आहे हे कीचकाला दिसत नाही म्हणूनच ते घडू शकते. तिथे दिवा लावणे म्हणजे द्रौपदीशी दगा. पण प्रेक्षकाला तर भीम दिसायला हवा. म्हणजे रंगमंचावर दोन वेगळे उजेड असावे लागतात. एक पात्रांचा आणि एक प्रेक्षकांचा. जे कीचकाला दिसत नाही ते मला दिसते. आणि त्याला का दिसत नाही, हेही मला दिसते.

आमच्या नाटकातल्या आईला हेच हवे होते. घराला ती दिसू नये, प्रेक्षकांना दिसावी, आणि घराला ती दिसत नाही हेही प्रेक्षकांना दिसावे. तिच्यावर एक स्पॉट वाढवला असता तर यातले पहिलेच गेले असते. मग काकांनी सांगितलेली डोळ्याची गोष्ट आठवली. उन्हातून माजघरात शिरले की प्रथम काही दिसत नाही. थोडे थांबले की हळूहळू उतरंड दिसते, शिंके दिसते, बसलेले माणूस दिसते. अंधाराला पुरते सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, पण पहिल्या काही मिनिटांतच बराच फरक पडतो. खोलीतला उजेड तेवढाच असतो, बदललेली असते ती आपली नजर.

तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातला तोच पंचवीस वॉटचा बल्ब ठेवला. त्याला हात लावला नाही. बाहेरच्या खोलीतला प्रकाश मात्र अंकाच्या सुरुवातीपासून, कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सावकाश, कमी करत नेला. वाटणीचे बोलणे शिगेला पोचेपर्यंत बाहेरचे आणि आतले जवळपास सारखे झाले आणि प्रेक्षकांच्या माना एकेक करून उजवीकडे वळू लागल्या. तिच्यावर काहीच टाकलेले नव्हते. दुसऱ्यांवरचे काढून घेतले होते, इतकेच.

‘इतकेच’ म्हणणे सोपे आहे. वडिलांचे काम करणारे आमचे गुरुजी, निवृत्त शिक्षक, मंडळातले सर्वांत ज्येष्ठ नट. रंगीत तालीम संपल्यावर ते माझ्यापाशी आले. “माझं मोठं भाषण ज्या वेळी येतं त्याच वेळी तुम्ही मला काळोखात घालता. लोकांना माझे डोळे दिसायला नकोत का?” मी म्हटले, “गुरुजी, डोळे दिसतात. पहिल्या अंकाइतके दिसत नाहीत.” ते म्हणाले, “म्हणजे कमीच ना?” कमीच होते. यावर काही उत्तर नव्हते आणि मी दिलेही नाही. एखाद्याचा चेहरा दिसावा म्हणून दुसऱ्याचा उजेड कमी करायचा, तर त्या दुसऱ्याला ते अन्यायासारखे वाटणारच. कारण आजवरचा उजेड त्याला आपला वाटत आलेला असतो. बैठकीतली ट्यूब काढून स्वयंपाकघरात लावा असे कुणी सुचवले असते तर आमच्या घरीही हेच झाले असते. कुणाचेच कमी न करता सर्वांना उजळून टाकावे, हा मार्ग इराणी हॉटेलात चालतो, रंगमंचावर नाही. तिथे सगळेच उजळले की डोळा जुन्या सवयीने पुन्हा बोलणाऱ्याकडेच जातो.

घरादारात तो मार्ग आता खुला झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१७-१८ च्या सुमारास हैदराबादच्या रस्त्यांवरचे सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. सोडियमच्या उजेडात निळे लुगडे काळपट दिसे. आता रंग रंगांसारखे दिसतात. घरांतही स्वयंपाकाच्या ओट्यावर बैठकीइतकाच लख्ख दिवा असतो आणि वीजबिलाला त्याचे ओझे होत नाही. आमच्या पुढच्या पिढीतल्या मुली उजेडामागे सूप घेऊन फिरणार नाहीत, याचा मला आनंदच आहे. तरीही लग्नाघरी व्हिडिओवाल्याचा दिवा कुणामागून फिरतो आणि मांडवामागे पुऱ्या तळणाऱ्यांकडे तो कधी वळतो का, हे मी सवयीने पाहत असतो. वही आता जवळ नसते.

बोलीभाषांना हे सारे आपल्याआधी ठाऊक असावे. आपण ‘दिवा विझव’ म्हणत नाही. दिवा मालवतो, शांत करतो, त्याला निरोप देतो. आमच्या तेलुगू शेजारीणबाई ‘दीपम् कोंडेक्किंदि’ म्हणतात, म्हणजे दिवा डोंगरावर चढला. कुठलीच बाई दिव्याला मारत नाही. उजेड गेला म्हणजे नाहीसा झाला नाही, दुसरीकडे कुठेतरी गेला, असाच या बोलण्याचा भाव आहे. गुरुजींना हे मी सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “माझा कुठल्या डोंगरावर गेला ते तेवढं दाखवा.”

पहिला खेळ झाला तसाच झाला. दुसऱ्या खेळाआधी गुरुजी रिकाम्या रंगमंचावर आले, मला स्वयंपाकघरातला बल्ब लावायला सांगितला आणि आपली खुर्ची त्या दाराच्या दिशेने हात-दीड हात सरकवली. तिथे बसून पाहिले. दारातून येणारा पिवळा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होता. पाठ थोडी प्रेक्षकांकडे होत होती, ती दिग्दर्शकांना चालेल का अशी त्यांना काळजी होती. दिग्दर्शक म्हणाले चालेल. मग खडूने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा करून घेतल्या आणि आम्ही पडदा लावला.